विधिमंडळाची दारे आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य

(महाड व पोलादपूर तालुक्यांतील बौद्ध उपासक-उपासिकांच्या महाड येथील सभेत केलेले भाषण)



महाडला बोलावयास उभा राहणारा मनुष्य चवदार तळ्याविषयी बोलतो, मनुस्मृतीच्या दहनाविषयी बोलतो, आणि ते यथायोग्यच आहे. मी आज जो विषय घेतला आहे तो प्रथमदर्शनी आपणांस काहीसा दूरचा वाटेल. लोकप्रतिनिधी सभागृहात जे बोलतो ते जनतेच्या कानी जावे, निर्भयपणे छापले जावे, आणि अलीकडे तर डोळ्यांनी दिसावे, यासाठी सभागृहात राहूनच ज्यांनी झगडा केला त्यांच्या कार्याचा हा विषय आहे. वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी ही शहरातील सुखवस्तू लोकांची चैन होय, कशेडीच्या पायथ्याशी असलेल्या वाडीला तिचे काय, असा प्रश्न कोणी करील. ज्याच्या हाती सत्ता असते त्याला बातमी घरपोच मिळत असते. ती ज्याला कोणी आणून देत नाही, त्याचाच या विषयाशी अधिक निकटचा संबंध आहे, असे माझे मत आहे, आणि त्याला पुरावा याच गावचा आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या अथवा चालविलेल्या पाणवठ्यांचा, धर्मशाळांचा, शाळांचा, दवाखान्यांचा उपयोग अस्पृश्यांस करू द्यावा, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला. सरकारने त्याला अनुसरून आपल्या खात्यांना आज्ञा दिली. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही यथासांग पार पडले. परंतु त्यानंतरची तीन वर्षे तळ्याच्या पायऱ्यांवर आपले एकही पाऊल पडले नाही. बोले यांना १९२६ मध्ये पुन्हा ठराव आणावा लागला की, ज्या नगरपालिका हे मानणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे.

असे का झाले? स्पृश्यांचा विरोध हे कारण उघडच आहे. त्याच्या जोडीला दुसरेही एक कारण होते. मुंबईच्या सभागृहात आपल्याविषयी काय बोलले गेले, कोणी होकार दिला, कोणी मौन पाळले, हे रावढळच्या किंवा दासगावच्या माणसाला सांगणारे साधनच नव्हते. सरकारी राजपत्र त्याच्या हाती पडत नव्हते, आणि मोठी वृत्तपत्रे त्याची नव्हती. 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्याचे नाकारले, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. हक्क मिळाला, पण तो मिळाल्याची बातमी हक्कदाराला मिळाली नाही. याउलट, २० मार्च १९२७ रोजी आपले लोक पाणी पिऊन परतले आणि ते आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, तिला गावभर पसरावयास घटकाही लागली नाही. ठरावाला जे साडेतीन वर्षांत साधले नाही ते अफवेने एका दुपारी साधले, आणि आपल्या माणसांची डोकी फुटली.

आता १९२७ सालचे तीन महिने लक्षात घ्या. फेब्रुवारीत बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून आसन ग्रहण केले. मार्चमध्ये ते महाडला आले आणि तळ्यात उतरले. ३ एप्रिलला, म्हणजे तळ्याच्या घटनेनंतर अवघ्या चौदा दिवसांनी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केले. चरित्रकार या तीन गोष्टी तीन निरनिराळ्या प्रकरणांत घालतात. मला त्या एकाच कामाच्या तीन बाजू दिसतात. सभागृहात शब्द उच्चारावयाचा, जमिनीवर तो खरा करून पाहावयाचा, आणि झालेल्या गोष्टीची सत्य हकीकत आपल्या हाताने छापावयाची. यातील तिसरी बाजू नसती तर महाडला नेमके काय घडले हे आपल्या विरोधकांच्याच लेखणीतून जगाला कळले असते. म्हणूनच कोर्टकचेरी, कायदेमंडळ आणि महाविद्यालयातील अध्यापन सांभाळणारा हा पुरुष पाक्षिकाचे रकानेच्या रकाने स्वतः लिहीत बसे. त्या पाक्षिकाला पैशाअभावी १९२९ मध्ये विराम घ्यावा लागला, हा आपल्या समाजाच्या खात्यावरचा खर्च अद्याप फिटलेला नाही.

या मातीत ही जोडी त्याहूनही जुनी आहे. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन गावी आले, 'दीनबंधु' आणि 'सुधारक' यांतून अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले, आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा सवर्ण मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. लेखणी धरणारा अस्पृश्य एक वेळ चालतो, परंतु तोच सभेत खुर्चीवर येऊन बसला की चालत नाही. असो.

मी आज ज्या प्रसंगापाशी विशेष थांबणार आहे तो महाडचा नसून दिल्लीचा आहे. हिंदू कोड बिलाची चार कलमे संमत होऊन ते बिल सप्टेंबर १९५१ मध्ये गुंडाळून ठेवण्यात आले. बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याने सभागृहात निवेदन करावे, ही संसदीय प्रथा आहे. ऑक्टोबरमध्ये ते निवेदनासाठी सभागृहात आले. अध्यक्षासनावर उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. निवेदनाची प्रत आधी द्यावी आणि निवेदन सायंकाळी करावे, असे त्यांनी सांगितले. ज्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले, त्याच घटनेखाली भरलेल्या संसदेत त्यांचे भाषण आधी तपासून घेण्याची ही भाषा होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. ते सभागृहातून बाहेर पडले आणि आपले निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हवाली केले. दलितांविषयीची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, हिंदू कोडाचा झालेला घात, हे सारे त्या कागदांत होते. सभागृहाने जे ऐकले नाही ते देशाने वाचले.

यातील धोका किती मोठा होता, हे वकिली पेशाबाहेरच्या माणसाच्या ध्यानी येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. घटनेच्या १०५ व्या कलमाप्रमाणे खासदार सभागृहात जे बोलतो त्याबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात खटला होऊ शकत नाही. विधानसभेतील आमदारास हेच संरक्षण १९४ व्या कलमाने दिलेले आहे. परंतु हे संरक्षण सभागृहाच्या उंबरठ्यापर्यंतच आहे. तेच वाक्य पायरीवर उभे राहून उच्चारले तर बोलणारा सामान्य नागरिक ठरतो, आणि अब्रुनुकसानीचा कायदा त्याला लागू होतो. पश्चिम बंगालच्या एका आमदाराने नाकारले गेलेले आपले प्रश्न वृत्तपत्रात छापले, तेव्हा त्याला सभासदत्वाची ढाल मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ठरविले. म्हणजे बाबासाहेबांनी सभागृहातले सुरक्षित आसन सोडून उघड्यावर येऊन आपला शब्द वृत्तपत्राच्या हाती दिला. आणि तो छापणाऱ्या वृत्तपत्राला तर त्या काळी एवढेही संरक्षण नव्हते. सभागृहात खरोखरच झालेल्या भाषणाचा प्रामाणिक वृत्तान्त छापला तरी संपादकावर खटला भरण्यास वाव होता, कारण घटनेने अभय दिले होते ते फक्त सभागृहाच्या अधिकाराने प्रसिद्ध होणाऱ्या कागदपत्रांना.

ही उणीव भरून काढली ती फिरोझ गांधी यांनी. मुंबईत जन्मलेला हा पारशी गृहस्थ रायबरेलीहून लोकसभेवर निवडून आला होता. मंत्री नसताना, केवळ एक खासगी सभासद म्हणून, त्यांनी संसदीय कामकाजाच्या प्रसिद्धीला संरक्षण देणारे विधेयक आणले आणि १९५६ मध्ये ते कायदा म्हणून संमत झाले. संसदेच्या कामकाजाचा वृत्तान्त आशयाने खरा असेल, द्वेषबुद्धीने छापलेला नसेल आणि लोकहिताचा असेल, तर तो छापणाऱ्यास दिवाणी वा फौजदारी जाब द्यावा लागणार नाही, असे त्यात म्हटले होते. बिनतारी यंत्राने होणाऱ्या प्रक्षेपणालाही हेच संरक्षण त्या कायद्याने दिले होते. संसदेचे कामकाज घराघरांतून दिसू लागेल अशी कल्पनाही कोणी केलेली नसेल त्या काळी एका सभासदाने त्याची कायदेशीर वाट मोकळी करून ठेवली होती. १९५६ हे वर्ष आपल्यासाठी धम्मदीक्षेचे वर्ष आहे. 'जनता'चा 'प्रबुद्ध भारत' झाला तोही याच वर्षीच्या फेब्रुवारीत. त्याच वर्षीचा हा लहानसा कायदा आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

फिरोझ गांधी १९६० मध्ये निवर्तले. १९७५ साली आणीबाणी आली, आणि त्यांच्याच पत्नी पंतप्रधान असताना डिसेंबर १९७५ मध्ये वटहुकूम काढून हा कायदा रद्द करण्यात आला. पुढे संसदेने त्या रद्दीवर शिक्कामोर्तब केले. १९७७ मध्ये सत्तांतर झाल्यावर कायदा परत आला. आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ३६१-अ हे कलम घालून तेच संरक्षण घटनेतच बसविण्यात आले. त्यामुळे ते संसदेपुरते न राहता राज्यांच्या विधिमंडळांच्या वृत्तान्तालाही मिळाले. आमच्या आमदाराने मुंबईत किंवा नागपुरात काय म्हटले ते महाडच्या लहानशा साप्ताहिकाने छापले तर घटना आज त्याच्या पाठीशी उभी आहे. पूर्वी तशी ती नव्हती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण भक्तिभावाने झाकून ठेवण्याची सवय आपल्यालाही लागत चालली आहे. घटनासमितीत वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख करावा अशी मागणी झाली तेव्हा बाबासाहेबांनी ती अनावश्यक ठरविली. नागरिकाला जो हक्क आहे तोच संपादकाला आहे, त्याहून वेगळा हक्क वृत्तपत्राला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची यादी वाढविली, आणि कायदेमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी त्या दुरुस्तीचे समर्थन केले. निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत, हा शब्द त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्याच्या कलमात आला, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना स्वतःला वृत्तपत्रांकडे जावे लागले. यात विसंगती आहे असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. मला एवढेच दिसते की, वृत्तपत्र हे त्यांच्या दृष्टीने कधीही पूजेचे स्थान नव्हते. १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात त्यांनी त्या काळच्या वृत्तपत्रांवर, पूर्वीचा व्यवसाय आता धंदा झाला म्हणून, कठोर टीका केली होती. मालकाच्या स्वातंत्र्याला वृत्तपत्राचे स्वातंत्र्य म्हणण्याची चूक त्यांनी केली नाही. स्वातंत्र्य नागरिकाचे आहे, आणि पाक्षिक काढणाऱ्या गरीब उपासकाचा त्यावर मोठ्या छापखान्याच्या मालकाइतकाच हक्क आहे, असा मी त्यांच्या घटनासमितीतील उत्तराचा अर्थ लावतो.

सभागृहांच्या विशेषाधिकारांचा प्रश्न मात्र लोंबकळतच राहिला आहे. कायदा होईपर्यंत ब्रिटिश कॉमन्स सभेचे विशेषाधिकार चालतील, अशी तरतूद घटनेत केली गेली. ती तात्पुरती सोय होती. १९७८ च्या दुरुस्तीने कॉमन्सचा उल्लेख गेला, परंतु विशेषाधिकारांची सांगोपांग संहिता संसदेने अद्याप केलेली नाही. दरम्यान पाटण्याच्या 'सर्चलाइट' पत्राने बिहार विधानसभेच्या कामकाजातून वगळलेला भाग छापला म्हणून त्याच्या संपादकास नोटीस आली, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचाच पक्ष उचलून धरला. मुंबईच्या 'ब्लिट्झ'चे संपादक करंजिया यांना १९६१ मध्ये लोकसभेत उभे करून ताकीद देण्यात आली. अध्यक्षांनी 'हे कामकाजातून काढून टाकावे' असे म्हटले की ऐकलेले शब्द कायद्याने न ऐकलेले होतात. दुर्बल समाजाविषयी काढलेले अपशब्द काढून टाकले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु दुर्बलाच्या प्रतिनिधीने केलेला आरोप काढून टाकला तर तो वाचकापर्यंत कोणत्या वाटेने जावा?

आता पडद्याविषयी. आपल्या संसदेत राष्ट्रपतींचे अभिभाषण दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविले गेले ते २० डिसेंबर १९८९ रोजी. ज्या कॉमन्स सभेकडून आपण रीतिरिवाज उसने घेतले तिने आपल्या दालनात कॅमेरा येऊ दिला तोही त्याच हिवाळ्यात. डिसेंबर १९९१ पासून लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास दाखविला जाऊ लागला. तो मुद्रित करून दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवीत असत. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष होते लातूरचे शिवराज पाटील. महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षपदही त्यांनी पूर्वी भूषविले होते. सभासद पडद्याकडे पाहून बोलू लागतील, सभागृहाची प्रतिष्ठा उतरेल, अशा शंकांना न जुमानता ज्यांनी हे काम तडीस नेले त्यांत या मराठी माणसाचे नाव प्रथम घेतले पाहिजे. पुढे १९९४ मध्ये प्रश्नोत्तराचा तास थेट दिसू लागला. सोमनाथ चटर्जी अध्यक्ष असताना २००६ मध्ये लोकसभेची स्वतःची वाहिनी निघाली, आणि २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांच्या वाहिन्या एक करण्यात आल्या. महाराष्ट्र विधिमंडळाचे कामकाजही आता महाजालावरून थेट पाहता येते.

आपल्या दृष्टीने या सनावळीत एक तारीख खटकणारी आहे. धर्मांतरामुळे केंद्राच्या सवलती गेल्या, आणि त्या बौद्धांना परत मिळाव्यात यासाठी दादासाहेब गायकवाडांपासून अनेकांनी संसदेत आवाज उठविला. तो कायदा झाला १९९० मध्ये, धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. प्रश्नोत्तराचा तास दिसू लागला त्याच्या पुढच्या वर्षी. आपल्या मुलाबाळांच्या नोकऱ्या आणि शिक्षण ज्यावर अवलंबून होते त्या चर्चेत कोण उठून बोलले आणि कोण खाली मान घालून बसले, हे आपल्यापैकी कोणीही पाहिलेले नाही. कार्यवाहीचे छापील खंड आहेत. ते उघडून वाचणारे किती आहेत, हे मी या सभेला विचारीत नाही.

पण कॅमेरा आला म्हणजे सर्व झाले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथील सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. त्या वेळी विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते, म्हणून सरकारला ताबडतोब सभागृहात उत्तरे द्यावी लागली. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही घरे दरडीखाली गेली. त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन अवघे दोन दिवसांचे होते, आणि ते ६ जुलैलाच संपले होते. पुढचे अधिवेशन भरले ते डिसेंबरच्या अखेरीस. मधल्या पाच महिन्यांत पडद्यावर दाखविण्यासारखे सभागृहच नव्हते. सभागृह किती दिवस भरते, हा प्रश्न मी वृत्तपत्रस्वातंत्र्याचाच प्रश्न समजतो, कारण जेथे प्रश्न विचारला जात नाही तेथे वृत्तान्त कशाचा छापणार?

दुसरी अडचण अशी की, खरी चिरफाड समित्यांमध्ये होते, आणि संसदेच्या समित्या दाराआड बसतात. अनुसूचित जातींच्या कल्याणासाठी नेमलेल्या समितीपुढे एखादा अधिकारी खर्च न झालेल्या निधीचा काय खुलासा करतो, ते आपल्याला अहवाल निघाल्यावर कळते. त्या वेळेपर्यंत तो अधिकारी दुसरीकडे बदलून गेलेला असतो. साक्षीदारांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून गुप्तता ठेवावी, हा युक्तिवाद मी समजू शकतो. परंतु निधीचे आकडे सांगणाऱ्या साक्षीला गुप्ततेची गरज का लागावी, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. आपल्या मतदारसंघांच्या प्रतिनिधींना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, आपण ही एक मागणी लेखी द्यावी की, निधीविषयक साक्षी तरी उघड्यावर व्हाव्यात.

बाकीचे काम आपले आपल्याला करता येण्यासारखे आहे. १० जानेवारी १९३८ रोजी खोती नष्ट व्हावी म्हणून हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्यांत आपल्या कोकणातील कुळे होती. बाबासाहेबांनी आदल्या सप्टेंबरात मांडलेल्या खोतीच्या बिलाचे काय झाले हे ऐकण्यासाठी त्या लोकांना बोटीने आणि पायी मुंबई गाठावी लागली. आपल्याला विहाराच्या ओट्यावर बसून ते ऐकता येते, आणि आपण ऐकत नाही. अधिवेशनाच्या आधी तारांकित प्रश्नांच्या याद्या निघतात. त्यांत महाड आणि पोलादपूर ही नावे शोधावीत. ज्या दिवशी आपला प्रश्न असेल त्या दिवसाचे कामकाज संध्याकाळी विहारात सर्वांनी मिळून पाहावे. ज्या वाडीवर महाजाल पोचत नाही तिच्यासाठी कोणी शिकलेल्या मुलीने अथवा मुलाने चार ओळींत लिहून आणावे की काय विचारले, काय उत्तर आले आणि कोणत्या प्रश्नाला उत्तरच आले नाही. ते लिहिताना शब्द बदलू नये, मीठमसाला घालू नये. ३६१-अ कलमाचे संरक्षण खऱ्या वृत्तान्तालाच आहे.

या पाक्षिकाच्या संपादकांना माझी विनंती आहे की, त्यांनी अशा वृत्तान्तांसाठी एक पान राखून ठेवावे. पहिल्या खेपेस या दोन तालुक्यांतील दरडग्रस्त वाड्यांच्या पुनर्वसनासंबंधी आजवर विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांना आलेली उत्तरे छापावीत. ती कार्यवाहीच्या खंडांतून उतरवून काढण्याचे काम मी पत्करतो. कोणाला बरोबर यावयाचे असेल त्याने सभा संपल्यावर नाव द्यावे.

जयभीम.